लक्ष्मीबाई टिळक : एका आईची वाटचाल

प्रिय पालकहो,



रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या अंगणात बरेच पालक थांबतात. बोलणे कशावरूनही सुरू होवो, शेवटी ते मुलांवर येते. मुलगा दहावीत गेला, ट्यूशन लागली आणि मिस्सेला येणे बंद झाले. मुलगी संध्याकाळच्या जपमाळेला बसते, पण हात मोबाईलवर असतो. वर्गात आपले मूल एकटेच ख्रिस्ती, त्याला प्रश्न विचारले जातात आणि त्याला उत्तर देता येत नाही. काही घरांत आई एका धर्मात वाढलेली, वडील दुसऱ्या. मुलांनी कोणाकडे पाहायचे? या सगळ्यामागे प्रश्न एकच असतो. मुलांना देवाकडे ओढून न्यायचे, की त्यांच्या मनावर सोडून द्यायचे?

या प्रश्नावर उपदेश करण्यापेक्षा एका आईचे जीवन आपल्यापुढे ठेवावे असे वाटते. तिचे नाव लक्ष्मीबाई टिळक. मराठी शाळेत शिकलेल्यांना 'स्मृतिचित्रे' या पुस्तकामुळे हे नाव माहीत असते. त्या आणि त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक कॅथलिक नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतील होते. पण बाप्तिस्मा एकच आहे, आणि द्वितीय व्हॅटिकन परिषदेने अशा बंधुभगिनींकडे आपुलकीने पाहायला आपल्याला शिकवले आहे. मराठीतून प्रभूचे भजन गाणारा प्रत्येक जण टिळकांचे थोडेफार देणे लागतोच.

धाकाचे घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखले कुटुंबात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. सगळे तिला मनू म्हणत. वडील सज्जन होते, पण सोवळ्याओवळ्याने पछाडलेले होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा स्नान. कुणी कुठे हात लावला, कोणाची सावली कुठे पडली, यावर घराचा दिवस उगवायचा आणि मावळायचा. त्या घरात देव होता, पण देवाच्या नावाने जी गोष्ट मुलांच्या अंगी मुरत होती ती भीती होती. पुढे म्हातारपणी लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत हसत लिहिले. त्या हसण्याआड एका लहान मुलीची होरपळ आहे, हे लक्ष देऊन वाचणाऱ्याला जाणवते.

नारायण टिळकांचे बालपणही सुखाचे नव्हते. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील अतिशय कडक आणि संतापी. आई जानकीबाई भक्तीची, गोड मनाची. मुलाला कवितेचा लळा लागला तो आईमुळे. आई गेली तेव्हा नारायण दहा-अकरा वर्षांचा होता. आईविना त्या घरात त्याला राहवेना. तो घर सोडून नाशिकला आला आणि तिथेच वाढला, शिकला.

पालकहो, इथे क्षणभर थांबू या. एका घरात धर्माची धास्ती, दुसऱ्या घरात वडिलांची. दोन्ही घरांतील मोठ्या माणसांना आपण मुलांना चांगले वळण लावतो आहोत असेच वाटत असणार. पण धाकाने मूल गप्प बसते, जवळ येत नाही. संधी मिळाली की ते निघून जाते. कधी पायाने, कधी मनाने. आपणही देवाला पोलीस करून मुलांपुढे उभे करत नाही ना? खोटे बोललास तर देव शिक्षा करील, मिस्सा चुकवलीस तर नापास होशील, असे आपण सहज बोलून जातो. परीक्षेत पास झालेले मूल मग मनात एवढेच म्हणते की मिस्सा चुकली तरी काही झाले नाही. आणि नापास झालेले मूल देवावर रुसते.

भांडणारे आणि समेट करणारे नवराबायको

अकरा-बारा वर्षांच्या वयात मनूचे लग्न नारायणरावांशी झाले आणि ती लक्ष्मीबाई झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिला शाळा मिळाली नव्हती. लिहावाचायला शिकवले ते नवऱ्याने, तेही रागावत-ओरडत, अर्धेमुर्धे. जोडाक्षरांशी तिचे कधी फारसे जमले नाही.

टिळक बुद्धिमान होते, कवी होते, अत्यंत उदार होते. पण संसारी नव्हते. एका गावी नोकरी धरायची, मन उडाले की सोडायची आणि दुसऱ्या गावी जायचे. पैसा हातात आला की दुसऱ्याच्या गरजेला जायचा. घरात पीठ आहे की नाही हे बायकोने पाहायचे. राग तर नाकावर. लक्ष्मीबाईही काही गरीब गाय नव्हत्या. जिभेला धार होती आणि विनोदाची देणगी होती. त्यामुळे भांडणे व्हायची आणि जोरात व्हायची. टिळक रागाने घराबाहेर पडायचे, मग परत यायचे. पुन्हा बोलणे सुरू व्हायचे.

हे मुद्दाम सांगतो आहे. आदर्श ख्रिस्ती कुटुंब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे पवित्र कुटुंबाचे चित्र येते आणि आपल्या घरातली कालची भांडणे आठवून आपण खजील होतो. टिळकांचे घर त्या चित्रासारखे नव्हते. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती. भांडण झाले तरी दार बंद झाले नाही. मुलांना आईवडिलांचे भांडण दिसले, तसा समेटही दिसला. आपल्या घरात बहुधा भांडण मुलांसमोर होते आणि समेट मुले झोपल्यावर होतो. मग मुलांना भांडणच तेवढे माहीत होते. क्षमा म्हणजे काय हे धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगून समजत नाही. ते स्वयंपाकघरात पाहून समजते.

आपल्याच रेल्वेमार्गावर

टिळक काही काळ नागपूरला होते. तिथून त्यांना राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला गाडीने निघाले. ती गाडी तेव्हाही आपल्या गोंदियावरूनच जायची. आमगाव, सालेकसा, दरेकसाचे डोंगर आणि पुढे डोंगरगड हा जो मार्ग आपण आज पाहतो, तोच तो मार्ग.

डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. दोघांच्या गप्पा झाल्या, कवितेवर झाल्या, धर्मावर झाल्या. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती वाचून काढण्याची विनंती केली. मन लावून वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. टिळकांना त्याचे नाव शेवटपर्यंत कळले नाही. वचन दिले म्हणून त्यांनी पुस्तक उघडले. मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले आणि तिथेच अडकले. ज्या प्रश्नांची उत्तरे ते वर्षानुवर्षे शोधत होते ती त्यांना तिथे भेटली.

आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे रेल्वेच्या नोकरीमुळे गोंदियाला आली. या रुळांवरून रोज माणसे येतात आणि जातात. त्यांतल्या कोणाच्या तरी एका साध्या बोलण्यातून एका कुटुंबाचेच नव्हे, तर मराठी ख्रिस्ती समाजाचे भवितव्य बदलले, हे आपण मुलांना जरूर सांगावे. त्या गृहस्थाने वाद घातला नाही, धमकी दिली नाही, आमिष दाखवले नाही. एक पुस्तक दिले आणि वाचणाऱ्याच्या विवेकबुद्धीवर विश्वास ठेवला.

पाच वर्षांची ताटातूट

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना हे कळले तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. त्या काळी ब्राह्मण कुटुंबातील माणूस ख्रिस्ती झाला की तो घरच्यांना मेल्यासारखाच असे. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. कुंकू लावायचे, पण संसार नाही. लक्ष्मीबाईंचे अन्नपाण्यावरचे मन उडाले, प्रकृती ढासळली. पदरात दत्तू होता, १८९१ साली जन्मलेला, जेमतेम चार वर्षांचा.

पुढची चार-पाच वर्षे त्यांनी नातलगांच्या आधाराने काढली. कधी नाशिकला, कधी पंढरपूरला. टिळक नगरला मिशनच्या कामात. त्यांनी काय केले असेल? कायद्याने आणि रूढीने मुलावर बापाचा हक्क मोठा होता. पण दत्तू आईजवळच राहिला. टिळकांनी दुसरा संसारही मांडला नाही. त्यांनी पत्रे लिहिली. रागाची, प्रेमाची, विनवणीची, कधी कवितेत लिहिलेली पत्रे ते पाठवत राहिले. लक्ष्मीबाईही आपल्या परीने उत्तर देत राहिल्या. धागा ताणला गेला, पण कोणी तो तोडला नाही.

आपल्यातील ज्या घरांत पतिपत्नींच्या श्रद्धा वेगळ्या आहेत, किंवा एक जण चर्चला येतो आणि दुसरा येत नाही, त्यांना माझी विनंती आहे की या पाच वर्षांकडे नीट पाहा. दोघांच्या रस्सीखेचीत मुलाला दोरी करायचे नाही, ही पहिली गोष्ट. तुझी आई अंधश्रद्धाळू आहे किंवा तुझा बाप देव मानत नाही, असे मुलाशी बोललेले एक वाक्य मुलाच्या मनातून देवालाही उठवते आणि आईबापालाही. दुसरी गोष्ट, वाट पाहणे म्हणजे सोडून देणे नव्हे. टिळकांनी बायकोला मोकळे सोडले, पण आपली पत्रे थांबवली नाहीत. जबरदस्ती आणि बेफिकिरी यांच्या मधोमध प्रेमाचा हा रस्ता आहे. तो लांबचा आहे आणि त्यावर चालणाऱ्याची दमछाक होते.

स्वतःच्या पायांनी

अखेर नातलगांचा विरोध असूनही लक्ष्मीबाईंनी दत्तूला घेऊन नवऱ्याकडे जाण्याचे ठरवले. पण त्या ख्रिस्ती होऊन गेल्या नाहीत. आपले सोवळे, आपला वेगळा स्वयंपाक, आपली पूजा हे सर्व सांभाळून त्या नगरला आल्या. टिळकांनी ते मान्य केले. स्वतः ख्रिस्ताच्या प्रेमाने पेटलेला माणूस, गावोगाव प्रवचने करणारा. पण बायकोच्या देव्हाऱ्याला त्याने हात लावला नाही.

पुढे हे कुटुंब राहुरीला आले. तिथे लक्ष्मीबाईंच्या मनात मोठी उलथापालथ झाली. जातीचा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागला. त्यांनी तो कोणा पंडिताला विचारला नाही. स्वतःच विचार केला आणि हा भेद देवाचा असूच शकत नाही, अशी त्यांची खात्री पटली. वडिलांच्या घरातून आलेली ती जुनी भीती गळून पडली आणि त्या सर्वांच्या हातचे खाऊपिऊ लागल्या. हा पालट बाप्तिस्म्याच्या आधी झाला, हे विशेष. देवाच्या कृपेने पहिल्यांदा त्यांच्या मनातली भिंत पाडली, मग त्यांना वेदीपाशी आणले. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. दत्तूही त्यांच्यासोबत ख्रिस्तसभेत आला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला सांगितले जाई की सत्य बुद्धीला पटावे लागते आणि चांगुलपणा सवयीने अंगी मुरतो. ॲरिस्टॉटलने हे ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात मांडले. वाजवून वाजवून माणूस वादक होतो, तसा न्यायाने वागून वागून न्यायी होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तोच विचार पुढे नेला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दोन गोष्टी आपल्यापुढे ठेवल्या. एक, मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडीलच आहेत. दुसरी, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती करता येत नाही. काही पालकांना या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. लक्ष्मीबाईंचे जीवन पाहिले की त्यांचा मेळ लागतो. सवय लावणे हे आईवडिलांचे काम. होकार देणे हे मुलाचे काम. लहान मुलाला क्रुसाची खूण करायला शिकवणे ही सक्ती नव्हे. ते त्याला भाषा शिकवण्यासारखे आहे. पण अठरा वर्षांच्या मुलाच्या वतीने आपण होकार देऊ शकत नाही. तिथे आपले जीवन त्याला काय सांगते, एवढेच उरते.

दुसऱ्यांची मुले

१८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात कितीतरी मुले पोरकी झाली. टिळकांनी अशा मुलांना आधार दिला. निर्णय टिळक घ्यायचे आणि रांधणे, न्हाऊमाखू घालणे, उवा काढणे, आजारपण काढणे हे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यायचे. त्या कुरकुर करायच्या, पण करायच्या. प्लेगच्या दिवसांत जिथे सख्खे नातलग रुग्णाला सोडून पळत, तिथे त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. ज्या बाईला लहानपणी परक्याच्या स्पर्शाची भीती घातली गेली होती, तिचे हात आता कोणाच्याही अंगाला लागत होते. दत्तू आणि पुढे झालेली मुलगी तारा हे सर्व पाहत वाढली.

त्यांच्या घरातील आणखी एका मुलाविषयी सांगायला हवे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झाले. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणायला उभा राहिला आणि सर्वांनी त्याला बालकवी म्हणून डोक्यावर घेतले. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले. तो तिथे घरच्यासारखा राहिला. मुलगा खोडकर आणि हळवा. रुसायचा, भांडायचा, पुन्हा येऊन बसायचा. लक्ष्मीबाईंनी त्याला आईची माया दिली. तो हिंदू होता आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिला. त्याला ख्रिस्ती करण्यासाठी त्या घराने माया केली नाही. त्या घराचा स्वभावच तसा झाला होता. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. त्या वेळी त्यांना अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपला मुलगा गेल्यासारखे दुःख टिळकांच्या घराला झाले.

आपण गोंदियात थोडे आहोत. आपली मुले हिंदू, बौद्ध, मुस्लिम मित्रांबरोबर वाढतात. काही पालकांना याची भीती वाटते. त्यांनी या घराकडे पाहावे. मुलाच्या मित्राला आपल्या घरी ताट वाढले जाते का? नाताळात करंज्या देऊन दिवाळीत फराळ घेतो, तेवढ्यावर आपली शेजारधर्माची कल्पना संपते का? आपले घर मोकळे असेल, तर मुलाला आपण ख्रिस्ती असल्याची लाज वाटणार नाही. आणि वर्गात प्रश्न आलाच, तर सांगायला त्याच्याजवळ स्वतःच्या घराचा अनुभव असेल.

अर्धवट राहिलेले काम

टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली. आधीच ओढाताणीत असलेल्या संसाराला हा आणखी एक धक्का होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. नवऱ्यामागे पैसा नव्हता. होते ते एक अपुरे काव्य, ख्रिस्तचरित्राचे 'ख्रिस्तायन'. टिळकांच्या हातून त्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते.

जोडाक्षरांशी झगडणाऱ्या या बाईने ते पूर्ण करायला घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहून पुरे केले. संसार सुरू होता, मुलांचे पाहणे सुरू होते, काही काळ कराचीला राहणे झाले. काम मात्र सुटले नाही. १९३३ साली आपल्या नागपूरला मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षपदी लक्ष्मीबाई होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेली स्त्री लेखकांच्या सभेत अध्यक्ष म्हणून बसली.

वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी साहित्य हवे म्हणून देवदत्ताने, म्हणजे आपल्या दत्तूने, आईला आठवणी लिहायला लावले. त्या आठवणी म्हणजेच 'स्मृतिचित्रे'. पुस्तकाचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि मराठी वाचकांनी, ते कोणत्याही धर्माचे असोत, त्यांना आपले मानले. त्यात लक्ष्मीबाईंनी स्वतःचा मोठेपणा सांगितला नाही. नवऱ्याचे दोष लपवले नाहीत आणि त्याच्यावरचे प्रेमही लपवले नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांनी देह ठेवला.

देवदत्त पुढे लेखक आणि संपादक झाले. पंडिता रमाबाईंचे चरित्र त्यांनी लिहिले. त्यांचे चिरंजीव अशोक टिळक यांनी आजीच्या पुस्तकाची संपूर्ण आवृत्ती सिद्ध केली. चौथ्या वर्षी आईबापांच्या ताटातुटीत सापडलेला तो मुलगा कडवट झाला असता तर नवल नव्हते. तो आईच्या आठवणी जपणारा झाला. कारण त्याने आईबापांचे दुखणे पाहिले, तसे त्यांचे प्रेमही पाहिले होते. श्रद्धेसाठी वडिलांनी काय सोडले हे त्याला माहीत होते. आणि आई कोणाच्या दडपणाने नव्हे, तर स्वतःच्या पायांनी प्रभूकडे आली, हेही त्याने जवळून पाहिले होते.

आपल्या घरासाठी

हे सर्व वाचून घरी काय करता येईल? काही साध्या गोष्टी सुचवतो.

१. संध्याकाळची प्रार्थना छोटी ठेवा, पण रोज ठेवा. दहा मिनिटे पुरे. त्या दहा मिनिटांत टीव्ही बंद आणि घरातले सर्व मोबाईल एका टोपलीत, आईवडिलांचे सुद्धा. वडील ड्युटीवर असतील तर आईने, आई थकली असेल तर मोठ्या मुलाने प्रार्थना चालवावी.

२. मुलांसमोर भांडण झाले असेल तर मुलांसमोरच समेट करा. चूक झाली असेल तर मुलाची क्षमा मागायला लाजू नका. त्याने आईवडिलांचा मान कमी होत नाही.

३. देवाच्या नावाने धमकी देऊ नका. शिस्त लावायची ती आपल्या नावाने लावा. देवाचे नाव आभार मानण्यासाठी आणि क्षमेसाठी राखून ठेवा.

४. पतिपत्नींपैकी एक जण ख्रिस्ती नसेल, तर त्याच्या श्रद्धेविषयी मुलांशी आदरानेच बोला. आपण काय मानतो ते स्पष्ट सांगा, पण दुसऱ्याला खाली न पाडता सांगा.

५. मोठी मुले प्रश्न विचारतील. प्रश्न म्हणजे बंड नव्हे. लक्ष्मीबाईंचा विश्वास प्रश्नातूनच उगवला. उत्तर येत नसेल तर मिळून शोधू असे सांगा आणि मुलाला घेऊन माझ्याकडे या. त्याला एकट्याला बोलायचे असेल तर एकट्याला पाठवा.

६. मिस्सेला येणे थांबवलेल्या मुलाशी बोलणे थांबवू नका. रविवारी निघताना त्याला प्रेमाने एकदा विचारा. आला तर आनंद. नाही आला तर टोमणा नको. पुढच्या रविवारी पुन्हा विचारा. टिळकांची पत्रे आठवा.

७. महिन्यातून एक तरी काम मुलांना बरोबर घेऊन दुसऱ्यासाठी करा. आजाऱ्याला भेटणे असो, एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस असो, शेजारच्या मुलाला अभ्यासात मदत असो. मुलाच्या हाताला सेवेची सवय लहानपणीच लागते.

८. घरातील आजीआजोबांना त्यांच्या आठवणी सांगायला लावा आणि मुलांना त्या वहीत लिहू द्या. आपले कुटुंब कुठून आले, कोणाचा बाप्तिस्मा केव्हा झाला, कोणत्या संकटात देवाने कसे सावरले, हे मुलांना कळू द्या. शुद्धलेखन चुकले तरी चालेल.

मुले आपल्या हातात आहेत ती थोड्याच वर्षांसाठी. तेवढ्या वर्षांत त्यांना सगळे देता येत नाही. पण आईवडील प्रभूवर खरोखर प्रेम करतात, एकमेकांना क्षमा करतात आणि माझी वाट पाहतात, एवढे त्यांनी पाहिले तर ती कितीही दूर गेली तरी परतीचा रस्ता त्यांना ठाऊक राहील.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभू, नाझरेथच्या घरी तू आईवडिलांच्या छायेत वाढलास. आमच्या घरांतही ये. आम्हाला रागावर ताबा दे, चूक कबूल करण्याचे धैर्य दे आणि वाट पाहण्याचे बळ दे. जी मुले तुझ्यापासून दूर गेली आहेत त्यांच्यावर तुझा हात राहू दे. पवित्र मरिये, आमच्या मुलांची आई हो. आमेन.

आपला,
धर्मगुरू